दोन फुटांच्या काचेतला समुद्र : प्रस्तावना

खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे श्रीमंतांचा शौक, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. मोठ्या हॉटेलच्या लॉबीत भिंतभर काचेमागे फिरणारे निळे-पिवळे मासे पाहिले, तो टँक लावून देणाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकला, की माणूस घरी येऊन गप्पींवर समाधान मानतो. भिंतभर टँकच्या बाबतीत तो समज खराही आहे. पण दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, त्यात दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी आणि हळूहळू पसरत जाणारे मऊ प्रवाळ एवढेच हवे असेल, तर नोकरदार माणसाला ते जमते. हे पुस्तक तेवढ्याच टँकचे आहे. त्याहून मोठ्या टँकसाठी इंग्रजीत भरपूर पुस्तके आहेत. कमी पैशांत, आपल्या हवेत, आपल्या नळाच्या पाण्यावर आणि आपल्या कायद्याच्या चौकटीत छोटा टँक कसा चालवायचा, हे सांगणारे मराठीत हाताशी असावे, म्हणून हा खटाटोप.

कमी खर्चाचा अर्थ मात्र आधी ठरवून घेतला पाहिजे. दुकानात जाऊन प्रत्येक वस्तूतली सर्वांत स्वस्त उचलली, तर टँक तीन महिन्यांत बंद पडतो आणि सगळेच पैसे पाण्यात जातात. माझे मत असे, की बचत माशांच्या संख्येत करावी, यंत्रांच्या संख्येत करावी, काचेच्या आणि स्टँडच्या दिखाऊपणात तर जरूर करावी. पाण्यात मात्र एक पैसाही वाचवू नये. पुढची सगळी प्रकरणे या एका मताभोवती बांधलेली आहेत.

यंत्रांशिवाय भागते, याला जुना दाखला आहे. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या हुद्द्यावरचे पाद्री होते. लंडनला समुद्र नाही, पंप नावाची वस्तू नाही. प्रवासात प्रवाळ एकमेकांवर आपटू नयेत म्हणून बाईंनी ते सुईदोऱ्याने स्पंजाला टाचले होते. पुढे समुद्राचे ताजे पाणी पुरेना, तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असे रोज बराच वेळ ओतत राहण्याचे काम घरच्या मोलकरणीकडे लागले. पाण्यात हवा मिसळली आणि प्रवाळ जगले. मग त्यांनी समुद्री वनस्पतीही त्यात सोडल्या. आज आपण वेव्हमेकर लावतो तो त्या मोलकरणीचे काम करतो. पाच वॅटची ती मोटर बंद पडली की टँकमध्ये काय होते हे कळायला ही गोष्ट पुरेशी आहे.

दुसरा दाखला अधिक जवळचा. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली. समुद्रातले सच्छिद्र दगड, समुद्राचे पाणी, खिडकीतले ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांचे प्रवाळ वाढत होते. फिल्टर नव्हताच. दगडाच्या भोकाभोकांत राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. दगडच फिल्टर असतो. हे आज प्रत्येक टँकवाल्याला ठाऊक आहे. तेव्हा मात्र युरोप-अमेरिकेतले जाणकार रेतीखालच्या फिल्टरवर आणि औषधांवर विसंबून होते, आणि ही गोष्ट त्यांच्या गळी उतरायला बराच काळ गेला.

आता पाण्याकडे वळू, कारण नवखा माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. समुद्र घराजवळ आहे, मग पाणी विकत कशाला? मुंबई, ठाणे, अलिबागच्या किनाऱ्यावरचे पाणी गाळाचे, सांडपाण्याचे आणि पावसाळ्यात खाड्यांतून आलेल्या गोड्या पाण्याने पातळ झालेले असते. त्यात आज काय आहे आणि उद्या काय असेल, याचा भरवसा नाही. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : मग खडे मीठ विरघळवले तर? हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर आपल्याच मिठागरांत आहे. उरण, पेण, वसई, भाईंदरकडे भरतीचे पाणी वाफ्यांतून पुढे पुढे नेत आटवतात. पाणी दाट होत गेले की आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाशी बसतात. पुढच्या वाफ्यांत मीठ धरते. शेवटी जे कडू पाणी उरते ते सोडून देतात, आणि मॅग्नेशियम त्याच्याबरोबर जाते. म्हणजे मिठागरातून निघालेले मीठ जितके चांगले, तितका त्यातला समुद्र कमी झालेला असतो. प्रवाळाला सांगाडा बांधायला आणि पेशी चालवायला लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या मिठात नाही. खऱ्या समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या थोडे वर आणि मॅग्नेशियम जवळजवळ १३०० मिलिग्रॅम. हे प्रमाण राखून बनवलेले रीफ सॉल्ट दुकानात बादलीने मिळते. ते महाग वाटते, म्हणून हिशेब करून पाहावा.

दोन बाय एक बाय एकच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा आणि दगड वजा जाता ४५ लिटर धरू. सॉल्ट लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास लागते. वीस किलोच्या बादलीत सव्वापाचशे लिटर समुद्र बनतो. पहिल्या भरण्याचे ४५ लिटर गेले, तरी दर रविवारी पाच लिटर पाणी बदलायचे म्हटले तर बादली दीड-पावणेदोन वर्षे सहज पुरते. बादलीत दमटपणा शिरणार नाही याची काळजी घ्यायला हवी, कारण कोकणात आणि मुंबईत उघडी राहिलेली बादली एका पावसाळ्यात दगड होते. घट्ट झाकणाच्या डब्यांत दोन-दोन किलो वाटून ठेवावे.

सॉल्ट कशात मिसळायचे, हा पुढचा मुद्दा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत बोअरचे जड पाणी मिसळलेले असते, जुन्या पितळी नळांतून आणि गिझरमधून तांबे उतरते. माणसाला न जाणवणारे तेवढे तांबेही गोगलगायी आणि प्रवाळांना घातक ठरते. घरातला आरओ इथे कामाला येतो; फक्त त्याला समजून घ्यावे लागते. पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक घरगुती आरओंमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो मेम्ब्रेनमधून न गेलेले थोडे पाणी परत मिसळतो; शेवटी खनिजांचे काडतूसही असते. टँकसाठी पाणी मेम्ब्रेननंतर लगेच, खनिजांच्या आधी काढून घ्यायचे आणि उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनच्या काडतुसातून न्यायचे. टीडीएस मीटरवर शून्य दिसले की ते पाणी वापरायला योग्य. सर्व्हिसवाल्याला एकदा टी-जोड लावायला सांगितले की झाले. आरओ जे पाणी बाहेर टाकतो ते फरशीला आणि बाथरूमला वापरावे, ते वाया घालवण्याचे कारण नाही.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. प्लास्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तरी आकडा हलतो. स्वस्तातला रिफ्रॅक्टोमीटर मात्र शून्यावर बरोबर दाखवतो आणि पस्तीसवर चुकतो, म्हणून तो पस्तीसवरच जुळवावा. त्यासाठी वेगळे द्रावण विकत घ्यायची गरज नाही. एक लिटर शुद्ध पाण्यात ३८ ग्रॅम साधे मीठ नीट विरघळवले की रिफ्रॅक्टोमीटरमध्ये ते हजारी पस्तीस क्षारतेच्या समुद्राइतकेच दिसते. वजनकाटा चांगला हवा, इतकेच. समुद्र बनवायला जे मीठ कुचकामी, ते समुद्र मोजायला असे उपयोगी पडते.

टँक जितका लहान तितका सांभाळायला सोपा, असे लोकांना वाटते. उलट आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. ४५ लिटरच्या टँकमधून दिवसाला एक लिटर पाणी उडाले, तर एका दिवसात क्षारता ३५ वरून ३५.८ होते, हे चालते. पण गणपतीला पाच दिवस गावी गेलात आणि कोणी पाणी घातले नाही, तर ती ३९ च्या पुढे जाते. दोनशे लिटरच्या टँकला तेच पाच लिटर जाणवतही नाहीत. म्हणून एक फुटाचा चौकोनी टँक कितीही गोजिरा दिसला तरी नवख्याने घेऊ नये. दोन फुटी टँकच्या बाजूला काचेवर टेपची बारीक पट्टी लावावी आणि रोज सकाळी चहाच्या वेळी पाणी त्या पट्टीपर्यंत आणावे. हे पाणी गोडे, म्हणजे तेच शून्य टीडीएसचे; खारे नव्हे. पाणी आपोआप भरणारे यंत्र मिळते आणि चांगले असते, पण पहिल्या वर्षी हाताने घालावे असे मी सांगेन, कारण त्या निमित्ताने रोज दोन मिनिटे टँककडे बघितले जाते. गावी जाताना शेजारच्या वहिनींकडे किल्ली देणार असाल, तर दर दिवसाची एक अशा बाटल्या मोजून भरून ठेवा आणि खाद्य गोळ्यांच्या डबीत वाराप्रमाणे वाटून द्या. माशांना भूक लागली असेल या कळवळ्याने पाहुणे माणूस हमखास जास्त खाऊ घालते, आणि उरलेले खाद्य सडून अमोनिया होतो.

आपल्याकडे खरा शत्रू उन्हाळा आहे. परदेशी पुस्तके हीटरवर पाने खर्च करतात. आपल्याला थंडीतल्या पुण्या-नाशकात छोटा हीटर लागतो, एरवी प्रश्न उलटा. प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहते. ते प्रकाशावर अन्न बनवते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभरच जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या बेटांभोवती १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. घरातल्या टँकमध्ये पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचे आणि एप्रिल-मेमध्ये खोली ३३ अंशांवर असते. चिलर हा सोपा उपाय, पण दीड-दोनशे वॅटचा छोटा चिलर दिवसाला दहा तास चालला तरी महिन्याला पन्नासएक युनिट जातात. बाकीचा सगळा टँक, म्हणजे दिवा, वेव्हमेकर आणि छोटा फिल्टर, पंधरा युनिटांत भागतो. त्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा लावावा. पुण्या-नाशकात उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने तो चांगला गारवा देतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत एक-दोन अंशांवर त्याची मजल जात नाही. तिथे टँक रात्री एसी चालणाऱ्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर ठेवावा, दिवे संध्याकाळी ते रात्री लावावेत. आणि मुंबईत वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणाऱ्याने, एसीही नसेल तर, प्रवाळांचा टँक ठेवू नये. हे सांगताना वाईट वाटते, पण जो जीव आपण मे महिन्यात जगवू शकणार नाही तो जानेवारीत आणू नये.

वीज गेली तर पहिल्यांदा पाणी हलते ठेवायचे, दिवा नंतर. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप पावसाळ्याआधी घरात असावाच.

आता दगडांबद्दल, आणि इथे थोडे सविस्तर बोलायला हवे. ली चिन एंग यांच्यासारखे समुद्रातून दगड उचलून आणणे आपल्याला शक्य नाही आणि शक्य असू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रवाळ म्हटले की आपण अंदमान-लक्षद्वीपचे नाव घेतो. पण ते आपल्याही किनाऱ्यावर आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या मालवणच्या समुद्रात आहेत, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर पाण्याखाली विस्तीर्ण प्रवाळक्षेत्र आहे. आणि थेट मुंबईत, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर आहेत. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी, २०२० मध्ये, तिथल्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे हलवाव्या लागल्या. उधाणाच्या दिवशी मोठी ओहोटी लागली की हाजी अलीच्या खडकांवर झोअँथिड या प्रवाळांच्या मऊ भाऊबंदांचे तपकिरी-हिरवे गालिचे उघडे पडलेले दिसतात. त्यांच्या नातलगांचे फ्रॅग, म्हणजे कापून वेगळे केलेले तुकडे, दुकानात दिव्याखाली रंगीत करून विकले जातात. एवढ्या गाळाच्या आणि मळक्या पाण्यात हे जीव तग धरून आहेत, ते बघायला प्रत्येक टँकवाल्याने एकदा तरी जावे. बघावे आणि रिकाम्या हाताने परत यावे.

कायदाही तेच सांगतो. २००१ पासून कठीण प्रवाळांच्या सर्व जाती, काळे प्रवाळ, सी-फॅन आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. प्रवाळाचा मेलेला, वाळलेला तुकडा बाळगणेही गुन्हा आहे. तरी काही दुकानांत पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे शोभेला म्हणून आणि ‘ड्राय रॉक’ म्हणून मिळतात. ते घेऊ नयेत, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. परदेशातून येणारे कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारात येतात, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत जिवांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. म्हणून या पुस्तकात कठीण प्रवाळांचे प्रकरणच नाही. मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप हे मऊ जीव, तेही कोणाच्या तरी टँकमध्ये वाढवून कापलेले फ्रॅग, एवढेच इथे आहेत. ते कमी प्रकाशात भागवतात, पाण्यात थोडे कमी-जास्त झाले तर सोसतात आणि वर्षभरात इतके पसरतात की आपणच दुसऱ्याला देऊ लागतो.

मग दगड कुठून आणायचे? घरी करायचे. पांढरे सिमेंट एक भाग, शिंपल्यांचा चुरा तीन भाग आणि भरपूर जाडे खडे मीठ घट्ट कालवून ओल्या वाळूच्या खळग्यात ओतले, की दोन दिवसांत दगड धरतो. नंतर तो पाण्यात टाकला की मीठ विरघळून जाते आणि त्याच्या जागी भोके उरतात. तीच जिवाणूंची घरे. सिमेंट मात्र पाण्याचा पीएच झपाट्याने चढवते. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत सहा ते आठ आठवडे हे दगड गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवावे लागतात, ताज्या पाण्यात पीएच चढणे थांबेपर्यंत. प्रकरण चारमध्ये आकार, कमानी आणि माप दिले आहे. कोकणातला काळा दगड वापरू नये, तो भरीव असतो आणि त्याची भोके पृष्ठभागापुरतीच असतात.

दगड टँकमध्ये गेले, पाणी भरले, की मासे आणायची घाई होते. इथे चार ते सहा आठवडे थांबायचे. अमोनिया मुद्दाम घालायचा आणि चाचणीच्या किटने बघायचे : आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट उरते. याला टँक सायकल होणे म्हणतात. एखाद्या मित्राच्या जुन्या टँकमधला फिल्टरचा स्पंज मिळाला तर हे लवकर होते. या काळात काचेवर तपकिरी थर चढतो, मग हिरवे केसाळ शेवाळ येते. बरेच लोक नेमके तेव्हाच नाउमेद होऊन टँक विकायला काढतात. तो थर येणारच, आणि शेवाळाला पोसणारे फॉस्फेट हाताबाहेर नसेल तर गोगलगायी आल्यावर ओसरणारच.

माशांचे प्रकरण मी मुद्दाम छोटे ठेवले आहे. एवढ्या टँकला दोन क्लाउनफिश पुरेत. ‘फाइंडिंग डोरी’तला निळा टँग फूटभर वाढतो, त्याला या काचेत जागा नाही. क्लाउनफिश मात्र पैदास केंद्रातलाच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विझिंजम आणि मंडपम केंद्रांनी त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसवून दिले आहे. अशी पिल्ले टँकच्या पाण्याला आणि दाणेदार खाद्याला सरावलेली असतात, समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा कितीतरी टिकतात. जोडी लावताना एक लहान, एक मोठा घ्यावा. सगळे क्लाउनफिश नर म्हणून जन्मतात, आणि मोठा असतो तो पुढे मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर ते ठरेपर्यंत एकमेकांना फाडतात.

झोअँथिडबद्दल एक धोक्याची सूचना इथेच, कारण ती प्रकरण सहापर्यंत थांबू शकत नाही. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. फ्रॅग कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा, बोटावर जखम असेल तर त्याला हात लावू नये, आणि झोअँथिड चिकटलेला दगड साफ करायचा म्हणून कधीही उकळू नये; ती वाफ घरातल्या सगळ्यांना रुग्णालयात पोचवू शकते. लहान मुले असलेल्या घरांनी मशरूम आणि लेदरवरच थांबावे.

किमती मी पुस्तकात दिलेल्या नाहीत, कारण त्या क्रॉफर्ड मार्केटात आणि कुर्ल्यात वेगळ्या असतात आणि छापून होईपर्यंत बदलतात. प्रत्येक वस्तूपुढे ती केव्हा घ्यायची ते दिले आहे. आरओचा टी-जोड, रेझिन आणि रिफ्रॅक्टोमीटर पहिल्या महिन्यात, दगड आणि सॉल्ट दुसऱ्या, वेव्हमेकर तिसऱ्या, दिवा त्यानंतर, कारण प्रवाळ येईपर्यंत त्याचा उपयोग शेवाळालाच. खर्च असा सहा-सात महिन्यांवर पसरला की पगारातून निघतो. शेवटी कोरे तक्ते आहेत : तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. पेन्सिलीने भरा, आणि दुकानात जाताना ते पान सोबत न्या. मासा आजारी पडला तर दुकानदाराला काय विचारायचे ते त्यावरून सुचेल.